दुखत नाही ना? मग औषध लागू पडलं!

गेल्या वर्षी गौरींच्या दिवशी कुड्या घालताना आरशात दिसलं, डाव्या कानाची पाळी जरा उचललेली आहे. खाली बोट लावलं तर चिंचोक्याएवढी टणक गाठ. सरकवली की सरकायची. दुखायची नाही, म्हणून मी महिनाभर कुणाला बोललेच नाही.

मग नणंदेनं सिंहगड रोडवरचा एक 'गाठी विरघळवणारा' सुचवला. भिंतीवर आधीचे-नंतरचे फोटो, पैसे रोख, पावती नाही. त्यानं गाठ दाबून विचारलं, "दुखतंय?" नाही म्हटलं. महिनाभर काळा लेप आणि पुड्या झाल्यावर पुन्हा दाबली. "दुखतंय?" नाही. "बघा ताई, औषध लागू पडलं!" मीही खुळ्यासारखी मान डोलावली. अहो, पण ती आधी तरी कुठे दुखत होती? पुढच्या महिन्यात म्हणाला, "वाढ रोखलीय." ही गाठ वर्षानुवर्षं मुंगीच्या पावलानं वाढते, महिन्याभरात फरक कळणार कसा! सुईच्या तपासणीचं विचारलं तर म्हणाला, "सुई टोचली की पसरते." या एका वाक्यापायी सात महिने आणि २३,००० रुपये गेले.

शेवटी भाचीनं ओढतच ससूनला नेलं. तिथले प्रश्नच वेगळे. जेवताना सूज येते का? (तशी आली तर लाळेच्या नळीत खडा असू शकतो.) गाठ एकदम वाढली का? डोळा नीट मिटतो का, तोंड वाकडं होतं का? यातलं काही असतं तर काळजीचं. सोनोग्राफी झाली, बारीक सुईची तपासणीही झाली. काही पसरलं-बिसरलं नाही. निघाला प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा, म्हणजे लाळग्रंथीची साधी गाठ. पण साधी म्हणून ठेवून द्यायची नसते. फार वर्षं राहिली तर काहींच्या गाठीत कॅन्सर होतो. लेपानं ती विरघळत नाही, काढावीच लागते. नुसती उकरून काढली तर पुन्हा उगवते, म्हणून भोवतीच्या ग्रंथीचा भागही काढतात. चेहरा हलवणारी नस त्याच ग्रंथीतून जाते, तिला जपत.

ऑपरेशन नीट झालं. पाळी अजून बधिर आहे, कुडी चाचपडत घालते.

मध्यंतरी पैसे परत मागायला गेले होते. शांतपणे म्हणाला, "पावती दाखवा ना ताई."