बॅकअपची डिस्क: अ‍ॅडॉप्टरवाली मोठी की वायरवर चालणारी छोटी?

बॅकअपसाठी वेगळी डिस्क घ्यायचं ठरलं की दुकानदार दोन प्रकार पुढं ठेवतो. साडेतीन इंची मोठी डिस्क टेबलावर उभी राहते आणि तिला 12 व्होल्टचा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर लागतो. अडीच इंची छोटी यूएसबीच्या वायरवरच चालते. टीबीमागचा दर बघितला तर बहुधा मोठीच परवडते. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना आठ-दहा टीबी जागा लागते, त्यांच्यापुढं तर दुसरा पर्यायच नाही. प्रश्न पडतो तो घरचे फोटो, मुलांची प्रमाणपत्रं, जमिनीचे स्कॅन केलेले कागद, म्हणजे एक-दोन टीबीत मावणारा संसार सांभाळणाऱ्यांना.

मोठीचे गुण खरे आहेत. ती सेकंदाला 150 ते 200 एमबी लिहिते. छोटी 100-130 वर सुरू होते, पण 2 टीबी आणि पुढच्या बहुतेक छोट्या डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यांत माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. सलग मोठी कॉपी चालली की आतली राखीव जागा भरते आणि वेग 20-30 एमबीवर येतो. पहिल्या बॅकअपला रात्र जाते. नंतर आठवड्याला चार-पाच जीबीच बदलतात, तेव्हा हा फरक जाणवत नाही.

दुसरा गुण दुरुस्तीचा. मोठीच्या खोक्यात साधी साटा, म्हणजे डेस्कटॉपच्या आत बसते तशीच डिस्क असते. तिला यूएसबीशी जोडणारी सर्किटची पट्टी जळाली तर डिस्क काढून डेस्कटॉपला जोडता येते. काही मॉडेलांत मात्र ती पट्टीच माहिती कुलूपबंद करते, तिथं हा उपाय चालत नाही. छोट्यांपैकी अनेकींचं यूएसबी पोर्ट थेट डिस्कच्या मुख्य बोर्डावर असतं. वायरला हिसके बसून ते ढिलं झालं की आत शिरायला दुसरा दरवाजा उरत नाही. ही छोटीची मोठी उणीव आहे, ती झाकण्यात अर्थ नाही.

तरीही माझ्या टेबलावर छोटी आहे, आणि त्याचं कारण लाइट.

वळवाच्या दिवसांत लाइट जाते, येते, लगेच पुन्हा जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, मोठी डिस्क मात्र कॉपीच्या मधेच मरते. अशा वेळी ती फिरत्या तबकड्यांच्या उरल्यासुरल्या जोरावर हेड, म्हणजे माहिती वाचणारा-लिहिणारा भाग, कसंबसं बाजूला ओढून घेते. नेहमीच्या पद्धतीनं हेड बाजूला होणं डिस्क लाखो वेळा सोसते, पण अशी घाईची माघार फार कमी वेळा. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ‘पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट काउंट’ या नावानं, बहुधा सी 0 या ओळीत, तिची मोजणी दिसते. आकडा षोडशमान (हेक्स) पद्धतीत असतो, सेटिंगमधून तो दशमानात करून घ्या. फाइलींचं नुकसान वेगळंच. एक्सफॅट आणि एनटीएफएस या डिस्क फॉरमॅट करायच्या दोन पद्धती. एक्सफॅटमध्ये अर्धवट नोंदी सावरणारं जर्नल नसतं, त्यामुळं कधी कधी अख्खा फोल्डर रिकामा दिसतो. एनटीएफएस बहुतेक वेळा विंडोजची चेकडिस्क ही तपासणी चालवल्यावर सावरतं. विंडोजवरच वापरायची डिस्क एनटीएफएसमध्येच फॉरमॅट करावी.

इन्व्हर्टर आहे, मग काळजी कशाला, असं वाटेल. एक सोपी परीक्षा घ्या. लाइट गेल्यावर वायफायचा राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो का? होत असेल तर मोठी डिस्कही टिकणार नाही, कारण तिला राऊटरपेक्षा जास्त करंट लागतो. इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडला टाकलं की अदलाबदल लवकर होते. पण त्या मोडमध्ये होल्टेज साधारण 180 च्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो. शिवारात मोटारी सुरू झाल्या की आपल्याकडं होल्टेज तिथंच असतं, म्हणजे रात्रीपर्यंत बॅटरी संपलेली. डेस्कटॉपला यूपीएस असला तरी त्याला बहुधा तीनच सॉकेट असतात, ती सीपीयू, मॉनिटर आणि राऊटरनं भरतात. डिस्कचा जाडजूड अ‍ॅडॉप्टर शेवटी एक्स्टेन्शन बोर्डावर जातो आणि यूपीएस असून नसल्यासारखा होतो. छोटीला हे काहीच लागत नाही. कॉम्प्युटर जगला की ती जगते.

तिला पोर्ट मात्र चांगलं द्यावं लागतं. यूएसबी 3 चं पोर्ट 900 मिलिअँपिअर देतं, यूएसबी 2 चं 500. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला किंवा लांब वायरीवर डिस्क टिकटिक करते, दिसते, गायब होते, आणि लोक ती गेली म्हणून टाकून देतात. आधी तिच्या सोबत आलेल्या आखूड वायरनं मागच्या पोर्टला लावून बघा.

उन्हाचंही बघायला हवं. बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात भोवतालचं तापमान 35 अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात परभणी-नांदेडला पत्र्याखालच्या खोलीत ते पहाटेच मिळतं. मोठी सहा-आठ वॉट खाते आणि पंखा नसलेल्या प्लॅस्टिकच्या खोक्यात तापत बसते. छोटी दोन-तीन वॉटवर भागवते. कॉपी मात्र दोघींचीही सकाळीच करावी.

कॉपीला विंडोजमधली रोबोकॉपी ही कमांड वापरत असाल तर आर 2 आणि डब्ल्यू 5 हे पर्याय जोडा. नाहीतर अडलेल्या फाइलीसाठी ती दर 30 सेकंदांनी, दहा लाख वेळा प्रयत्न करत बसते. तिचा एमआयआर हा पर्याय जपून वापरा. मूळ जागी चुकून पुसलेलं ते बॅकअपमधूनही पुसतं.

डेस्कटॉपच असेल, यूपीएसवर एक सॉकेट मोकळं असेल आणि डिस्क जागची हलणार नसेल, तर मोठी घेणं चुकीचं म्हणता येणार नाही. बाकीच्यांनी शक्य असेल तर एका मोठीऐवजी 2 टीबीच्या दोन छोट्या बघाव्यात, पोर्टच्या उणिवेवरही तोच उतारा आहे. 2025 च्या सप्टेंबरात धाराशिव-बीडकडं घरांत पाणी शिरलं, तेव्हा टेबलावरचा कॉम्प्युटर आणि शेजारची डिस्क एकाच पाण्यात. दुसरी छोटी डिस्क दुसऱ्या गावी भावाकडं किंवा बहिणीकडं ठेवावी आणि पाडवा, पंचमी, दिवाळीला जाता-येता बदलून आणावी. कपड्यांच्या पिशवीत ती सहज मावते.