तुळशीची रोपं घेतली, सेमिनरी हिल्सकडची नर्सरी: साडेचार स्टार

भावाच्या मुलीचं बारसं होतं, आत्या म्हणून नाव मला ठेवायचं होतं आणि ठरलं होतं वृंदा, म्हणजे तुळसच की. मग आलेल्यांना स्टीलची वाटी देण्यापेक्षा तुळशीचं रोपच देऊ म्हटलं आणि नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावरच्या एका छोट्या नर्सरीत गेले.

तिथल्या काकूंनी आधी विचारलं, "एवढी रोपं कशाला पाहिजे ताई?" बारसं म्हटल्यावर बाळाचं नाव विचारलं, आणि वृंदा ऐकल्याबरोबर म्हणाल्या, "मग काळी न्या, कृष्ण तुळस." एक पान चुरगाळून माझ्या हातावर ठेवलं, जांभळट देठाचं, वास अगदी लवंगेसारखा (दोन्हीत युजेनॉल नावाचं सुगंधी द्रव्य असतं ना, म्हणून). हिरवी म्हणजे राम तुळस, तिचा वास जरा सौम्य. सब्जाचं रोपही वेगळं काढून दाखवलं, फालुद्यात टाकतो तोच सब्जा, कूळ एकच पण तुळस नाही, आणि काही ठिकाणी तुळस म्हणून हेच हातात देतात. इतकं समजावून सांगणारं कोणी नर्सरीत भेटतं का आजकाल?

वहिनीचं नाव मंजिरी, म्हणजे तुळशीचा तुरा. ते सांगितलं तर काकू इतक्या खूश झाल्या की एक रोप तसंच दिलं, पैसे घेतलेच नाहीत. आणि बजावलं, मंजिऱ्या खुडत राहा, बी धरलं की झाड वाळायला लागतं.

नावावरून घरात थोडी कुरबुर झाली होती. वृंदेची गोष्ट दुःखाची, जालंधराची बायको, विष्णूने नवऱ्याचं रूप घेऊन तिला फसवलं, असं नाव कशाला म्हणे. मला मात्र तेच आवडतं. तिने प्रत्यक्ष देवाला शाप दिला आणि देवाला तो भोगावा लागला, शाळिग्राम व्हावं लागलं! आणि अजूनही कार्तिकात तुळशीचं लग्न लागल्याशिवाय आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त सुरू होत नाहीत. रुक्मिणीने एक पान टाकलं तेव्हा कृष्णाची तुला झाली, सत्यभामेचं सगळं सोनं कमी पडलं होतं. वारीत बायका डोक्यावर वृंदावन घेऊन पंढरपूरपर्यंत चालत जातात. आजीच्या पिढीत गावोगावी तुळसाबाई असायच्या, आता ते नाव जुनाट वाटतं लोकांना, मला नाही वाटत. वृंदा म्हणा, तुळसा म्हणा, मुलीला द्यायला याहून मोठं काय असतं.

अर्धा स्टार कापला तो पिशव्यांसाठी. एकदम पातळ प्लास्टिक, गाडीत ठेवता ठेवताच दोन फाटल्या आणि सगळी माती सीटवर. माती पण नुसती काळी, पाणी धरून ठेवते, मुळं सडतात, म्हणून घरी येऊन सगळ्यांत वाळू आणि शेणखत मिसळावं लागलं. रोपं ४० रुपयांना एक, भाव ठीकच आहे, पण थोडे जास्त घ्या आणि पिशवी तरी धड द्या.

मे महिन्यात घेत असाल तर रोपांवर ग्रीन नेट लावाच, नागपुरात पारा ४५ च्या वर गेला की कोवळी तुळस दुपारी करपते. दिवाळीनंतर तुळशीच्या लग्नासाठी गर्दी होते म्हणे, तेव्हा काळी हवी असेल तर काकूंना आधीच सांगून ठेवा, बाजूला काढून ठेवतात.