मूग मदर-३२: एकच ऑसिलेटर (मूळ सूर निर्माण करणारं सर्किट), पण काय आवाज!

हा सेमी-मॉड्युलर (आतून आधीच जोडलेला, पण केबलनं जोडण्या बदलता येणारा) सिंथेसायझर एकही केबल न जोडता वाजतो, पण खरी मजा उजवीकडच्या ३२ जॅकमध्ये आहे. एलएफओचं (आवाजाला हेलकावे देणाऱ्या संथ ऑसिलेटरचं) ट्रायअँगल, म्हणजे त्रिकोणी लहरीचं, आउटपुट फिल्टरच्या कटऑफला (जिथून आवाज छाटला जातो त्या वारंवारतेला) जोडा, रेझोनन्सचा (कटऑफजवळचा आवाज ठळक करणारा) नॉब पाऊण फिरवा: १९६०च्या दशकात रॉबर्ट मूग यांनी घडवलेला लॅडर फिल्टर काय चीज आहे ते लगेच कळतं. रेझोनन्स वाढवला की बास पातळ होतो. या सर्किटचा तो स्वभावच.

सुरू केल्यावर पंधराएक मिनिटांनीच सूर लावा, तापेपर्यंत ऑसिलेटर सरकत राहतो. ३२ स्टेप्सचा सिक्वेन्सर (सुरांची ओळ आपोआप वाजवणारा भाग) दमदार, पण शिफ्ट दाबून करायची कामं फार. मॅन्युअल जवळ हवंच. युरोरॅक केसमध्ये (मॉड्युलर सिंथ बसवायच्या ठरावीक मापाच्या चौकटीत) ६० एचपी (रुंदीचं एकक) जागा लागते. वीजपुरवठ्याच्या चपट्या रिबन केबलची लाल पट्टी उणे १२ व्होल्टच्या बाजूला ठेवा. उलटी लागली तर सर्किट जळू शकतं.