बारावीनंतर थेट व्यावसायिक टेनिस की अमेरिकेतील विद्यापीठ?

मूल सोळा-सतरा वर्षांचे आहे, देशातील कनिष्ठ क्रमवारीत वरच्या स्थानांवर आहे, आणि पुढची चार वर्षे त्याने फ्युचर्स (व्यावसायिक टेनिसच्या सर्वांत खालच्या पायरीवरील) स्पर्धा खेळत फिरावे की अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाच्या संघात जावे, हे ठरवण्याची वेळ आली आहे, अशा पालकांसाठी हा आढावा आहे. चर्चा बहुधा ‘कोणत्या वाटेने खेळाडू मोठा होतो’ या प्रश्नावर अडते. माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. अठरा ते बावीस ही वर्षे दोन्ही वाटांवर उमेदवारीचीच असतात आणि त्यांत पराभव भरपूर पदरी पडतात. खरा फरक आहे तो या पराभवांचा खर्च कोण उचलतो, यात.

युकी भांबरी आणि सोमदेव देववर्मन यांची उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. युकीने २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचे मुलांचे एकेरीचे विजेतेपद मिळवले, तो कनिष्ठ गटात जगात अव्वल ठरला आणि तेथून थेट व्यावसायिक टेनिसमध्ये उतरला. सोमदेव त्या वयात एवढा गाजलेला नव्हता. तो व्हर्जिनिया विद्यापीठात गेला, २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षे अमेरिकेतील आंतरविद्यापीठ एकेरीचा विजेता ठरला, त्यांपैकी पहिल्या अंतिम सामन्यात त्याने जॉन इस्नरला हरवले, आणि तेविसाव्या वर्षी व्यावसायिक झाल्यावर काही महिन्यांतच, जानेवारी २००९ मध्ये, चेन्नई ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचला. सोमदेवची एकेरीतील सर्वोत्तम क्रमवारी ६२ (२०११), युकीची ८३ (२०१८). यावरून महाविद्यालयाची वाट श्रेष्ठ ठरते असे मुळीच नाही, कारण कोपर आणि गुडघ्याच्या दुखापतींनी युकीचे मोलाचे हंगाम खाल्ले. मात्र पाच वर्षे आधी सुरुवात केल्याने माणूस पाच वर्षे पुढे राहतो, हा समज यातून निश्चित खोटा ठरतो.

थेट वाटेचे अर्थकारण कठोर आहे. सर्वांत खालच्या पायरीवरील पुरुषांच्या स्पर्धेत एकूण बक्षीस रक्कम १५,००० डॉलर असते. एकेरीच्या विजेत्याला त्यातून दोन हजार डॉलरांहून थोडे अधिक मिळतात, तर पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हाती जेमतेम दीडशेच्या आसपास डॉलर पडतात. त्या आठवड्याचे विमानभाडे, हॉटेल, रॅकेटची तार आणि सोबत असल्यास प्रशिक्षकाचा खर्च यापुढे ही रक्कम नगण्य आहे. सुमित नागलने २०१९ च्या यूएस ओपनमध्ये रॉजर फेडररकडून पहिला सेट जिंकला होता. त्याच सुमितने २०२३ मध्ये सांगितले की खात्यात केवळ ९०० युरो उरले आहेत आणि एका प्रशिक्षकासह वर्षाचा खर्च ८० लाख ते एक कोटी रुपये येतो. पुढच्याच जानेवारीत त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये अलेक्झांडर बुब्लिक या मानांकित खेळाडूला हरवले आणि २०२४ मध्येच तो ६८ व्या क्रमांकापर्यंत चढला. पण तोवर तो सव्वीस वर्षांचा झाला होता. एवढी वर्षे तग धरण्याची ऐपत आहे का, हे घरात कागदावर मांडून पाहावे.

विद्यापीठात प्रशिक्षक, व्यायामशाळा, फिजिओ आणि प्रवास यांचा भार संघ उचलतो. संघ-सामन्यात सहा एकेरी लढती आणि दुहेरीचा एक गुण असल्यामुळे दुहेरीचा खेळही पक्का होतो. ओक्लाहोमा स्टेटमध्ये शिकलेल्या पुण्याच्या अर्जुन कढेने २०२४ मध्ये ऋत्विक बोल्लिपल्लीच्या साथीने अलमाटी येथे एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची मुख्य मालिका) दुहेरीचे विजेतेपद मिळवले. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून खेळलेल्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णासह हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. शिष्यवृत्तीच्या बाबतीत मुलगा आणि मुलगी यांचे गणित मात्र वेगळे होते: अनेक वर्षे पहिल्या श्रेणीतील (डिव्हिजन वन, विद्यापीठीय क्रीडेचा सर्वोच्च गट) मुलींच्या संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, तर मुलांच्या संपूर्ण संघात मिळून साडेचारच वाटल्या जात. २०२५ पासून न्यायालयीन तडजोडीतून आलेली नवी व्यवस्था स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत ही मर्यादा उठली आणि संघ जास्तीत जास्त दहा जणांचा ठरला, तरी प्रत्यक्षात किती रक्कम मिळणार हे प्रशिक्षकाकडून लेखी घेतल्याशिवाय ‘शिष्यवृत्ती मिळाली’ असे म्हणू नये.

मग थेट कोणी जावे? ज्याची गणना जगातील पहिल्या वीस कनिष्ठ खेळाडूंत होते, त्याला चॅलेंजर (फ्युचर्सच्या वरच्या पायरीवरील) स्पर्धांत थेट संधी देणारी योजना उपलब्ध आहे, आणि त्याने थांबण्याचे कारण नाही. ज्याच्यामागे उत्तम अकादमी आणि प्रायोजक आधीच उभे आहेत, त्यानेही जावे. पुण्याच्या मानस धामणेने इटलीतील पियाटी अकादमीत सराव केला आणि २०२३ मध्ये पंधराव्या वर्षी बालेवाडीत टाटा ओपनची मुख्य फेरी खेळली. त्याची वाट वेगळी आहे आणि तिची नक्कल केवळ इच्छेच्या बळावर होत नाही. पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे घडलेली अंकिता रैना विद्यापीठात न जाता १६० व्या क्रमांकापर्यंत पोहोचली, पण त्यासाठी तिला दशकाहून अधिक काळ लागला. इतर बहुतेकांसाठी माझा कौल विद्यापीठाकडे आहे.

‘आधी दोन वर्षे खेळून पाहू, नाही जमले तर अमेरिकेला जाऊ’ हा मधला मार्ग दिसतो तेवढा मोकळा नाही. शाळा संपल्यावर सहा महिन्यांच्या सवलतीनंतरही स्पर्धा खेळत राहिल्यास विद्यापीठाकडून खेळण्याच्या पात्रतेचे वर्ष कमी होते, असा टेनिसमधील आजवरचा नियम आहे, आणि बक्षीस रक्कम स्वीकारण्यावरही मर्यादा राहिल्या आहेत. न्यायालयीन वादांमुळे हे नियम बदलत असल्याने प्रवेशाच्या वर्षीचे नियम स्वतः वाचावेत. त्याहून मोठी अडचण आपल्याकडे नववीतच निर्माण होते. पहिल्या श्रेणीसाठी नववी ते बारावीतील सोळा ठरावीक विषय-अभ्यासक्रम पूर्ण झालेले असावे लागतात. सरावासाठी शाळा सोडून बाहेरून परीक्षा देण्याचा निर्णय घेताना विषयांची निवड त्या यादीशी ताडून पाहिली नाही, तर ही वाट निवडीचा दिवस उजाडण्याआधीच बंद झालेली असते.