आमच्या कार्यालयातील हिरकणी कक्ष

प्रसूती रजेवरून परतले तेव्हा माझे बाळ जेमतेम चार महिन्यांचे होते. कायद्याने रजा २६ आठवड्यांची मिळते. परंतु त्यांतले ८ आठवडे डॉक्टरांच्या सांगण्यावरून प्रसूतीपूर्वीच घ्यावे लागले, आणि पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचेच दूध द्यायचे तर कार्यालयात दूध काढण्यावाचून पर्याय नव्हता. एसटी स्थानकांवर असतो तसा हिरकणी कक्ष पुण्यातील आमच्या कंपनीतही आहे, आणि मी तो त्या दिवसापासून रोज वापरते आहे.

जागा खरोखर चांगली आहे. दाराला आतून कडी, पाठीला आधार देणारी खुर्ची, तिच्या शेजारीच पंपासाठी प्लग आणि पंपाचे भाग धुवायला बेसिन, हे सारे एका खोलीत असणे किती मोलाचे आहे, ते थोरल्या मुलाच्या वेळी दुसऱ्या नोकरीत स्वच्छतागृहात उभ्याने दूध काढावे लागलेल्या मला नीट कळते. फ्रिज मात्र येथे नाही. काढलेले दूध बाहेर सुमारे चार तासच टिकते आणि एप्रिलच्या उन्हात तेवढाही भरवसा नसतो, म्हणून बाटल्या सर्वांच्या डब्यांशेजारी पॅन्ट्रीत ठेवाव्या लागतात.

खरी उणीव वेळेची आहे. सुरुवातीला कक्षातील वेळ जेवणाच्या सुट्टीतून कापला जाई. बैठक लांबली की छाती दगडासारखी होई, आणि एकदा गाठ होऊन तापही आला. वास्तविक मातृत्व लाभ कायदा, १९६१ च्या कलम ११ नुसार बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या विश्रांतीखेरीज, स्तनपानासाठी रोज दोनदा वेळ मिळायला हवा, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ही तरतूद कायम आहे. कायद्यात बाळाला पाजण्याचा उल्लेख आहे, पंपाचा नाही, असे मला सांगण्यात आले. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, असेही तोच कायदा सांगतो. कंपनीने ठरवलेले पाळणाघर तीन किलोमीटरवर असल्यामुळेच मला पंप लागतो, हे मी लेखी कळवले.

आता हे दोन्ही वेळ माझ्या हजेरीत स्वतंत्र नोंदवले जातात. मात्र ही सवलत केवळ माझ्या नावावर दिलेली आहे. पुढच्या महिन्यात रुजू होणाऱ्या सहकारिणीला पुन्हा नव्याने अर्ज करावा लागणार आहे.