लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची टकटक : आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात १ टीबीची हार्ड डिस्क असलेला जुना लॅपटॉप घेतला. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं चादरी-टॉवेलच्या जकार्ड डिझाईनचं काम चालतं. डिस्क अडीच इंची, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची, कामापुरती ठीक. तिसऱ्याच रात्री शेजारचे माग बंद झाले आणि आवाज कानावर आला : टक. आठ-दहा सेकंदांनी पुन्हा टक.

दुरुस्तीवाल्यानं न ऐकताच सांगितलं, "फॉरमॅट मारू, विंडोज नवीन टाकू." फॉरमॅटनं आवाज कसा जाईल, हे मला पटेना. आमच्या आप्पांचं आयुष्य मागावर गेलं. धोटा अडखळला तर ते दाराबाहेरून ओळखतात. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक डिस्कच्या जागी लॅपटॉपच्या पोटाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि बराच वेळ ऐकत बसले. "एकच ठोका हाय बघ. फिरणं मधी थांबत न्हाई. चालू दे."

ते बरोबर होते. वीज वाचवायला लॅपटॉपची डिस्क काम नसलं की आपलं हेड, म्हणजे वाचणारं-लिहिणारं टोक, फिरत्या तबकडीवरून उचलून बाजूच्या उतारावर ठेवते, तोच तो टक. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये 'लोड सायकल काउंट'खाली त्याची मोजणी दिसते. आकडे सोळाच्या पायावर असतात, त्यामुळे पहिल्यांदा मला काहीच कळलं नाही. सेटिंगमधून ते दशमान करून घ्या. माझी मोजणी होती २,५६,१६०. लॅपटॉपच्या बऱ्याच डिस्कना ६ लाखांची क्षमता सांगितलेली असते, म्हणजे निम्मंसुद्धा आयुष्य संपलं नव्हतं. त्याच प्रोग्राममधून एपीएम, म्हणजे डिस्कची वीज वाचवायची सेटिंग, २५४ वर नेली, म्हणजे वीजबचत जवळपास बंद केली; टकटक जवळजवळ बंद झाली. डिस्क थोडी जास्त तापते, एवढंच.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत सगळं सुरळीत होतं. लाईट गेल्यावर मात्र एक मोठा खट यायचा, कारण लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती. वीज अचानक तुटली की हेड घाईनं मागं खेचलं जातं. हे वारंवार होणं डिस्कला चांगलं नाही; बॅटरी बदलायला मी उशीर केला, तो करायला नको होता.

एप्रिलात आवाज बदलला. बाहेर चाळिशीच्या वर ऊन, डिस्क ५२ अंशांवर, एक मोठी फाईल उघडत होतो. टक-टक-टक, सारख्या अंतरानं. मग फिरण्याचा आवाज मंदावत गेला, पुन्हा चढला, पुन्हा टक-टक-टक. आप्पा आतून उठून आले. हेडला जागा सापडत नाही, ते पुन्हा पुन्हा मुळाशी जाऊन शोधतं, तेव्हा असा आवाज होतो. क्रिस्टलडिस्कइन्फोवर ठीक असल्याचा निळा रंग जाऊन धोक्याचा पिवळा आला होता. 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे धड वाचता न येणाऱ्या जागांची मोजणी, शून्यावरून ८ वर, दुसऱ्या दिवशी ४० वर. विंडोज मात्र एक शब्द बोललं नाही.

या घडीला विंडोजचं डिस्क तपासायचं चेकडिस्क चालवू नका, हे मी कळकळीनं सांगतो. दुरुस्तीच्या नावाखाली ते मरणाऱ्या डिस्कला आणखी राबवतं. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्लाही ऐकू नका, आत दव धरतं. मी लॅपटॉप बंद केला, पेन ड्राईव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रामनं सगळी डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरवली. तो आधी चांगला भाग वाचतो, अडलेली जागा शेवटी. रात्रभर टेबल फॅन लावून ठेवला होता. सकाळी दोन डिझाईन सोडून सगळं हाती आलं. त्यातलं एक मोरांच्या पट्टीचं होतं, ते अजून नव्यानं काढतोय.

आता आत एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली डिस्क आहे. चालू व्हायला पूर्वी मिनिटांवर वेळ लागायचा, तो सेकंदांवर आला. पण एसएसडी आवाज करून इशारा देत नाही, म्हणून दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर प्रत काढतो. ती डिस्कही पहिल्या दिवशी टकटकली आणि माझा जीव खाली-वर झाला. लांब केबल काढून आखूड लावली, दुसऱ्या पोर्टला जोडली, आणि ती शांत चालू लागली. तिला वीज कमी पडत होती.