गिनी पिगचा प्रवास: प्लास्टिकची पेटी की कापडी बॅग?

अंधेरीहून परळला प्राण्यांच्या दवाखान्यात न्यायचं असेल, तर आमचं मत सरळ पेटीला. टॅक्सीने करकचून ब्रेक मारला तरी ती चेपत नाही. बॅग दबते, गिनी पिग तिची जाळी कुरतडतात, लघवी शिवणीत मुरते. पेटीत तळाला जुना टॉवेल, वर भरपूर सुकं गवत (पोट सतत चालू राहायला हवं) आणि काकडीचे दोन-तीन काप. पाण्याची बाटली धक्क्यांनी गळते, अंग भिजतं. ती पोहोचल्यावर लावा. पेटी पुढच्या सीटमागे खाली, घट्ट बसेल अशी ठेवा. बॅग हलकी, जिने चढायला बरी, एवढंच. मे महिन्यातल्या दुपारी मात्र रिक्षा नकोच: २६-२७ अंशांपुढे उष्माघाताचा धोका वाढतो. एसी गाडी घ्या, झोत थेट पेटीवर नको.